चावी ज्याच्या खिशात

देवळाली प्रवरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मटण-मच्छी करता का तेही विचारलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी हात आडवा धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "रात्री ग्यास बंद करताना आदी काय बंद करता? शेगडी का सिलेंडर?"

"सिलेंडर," मी म्हणाले. "नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्यायचा, मग शेगडी."

"शिक्षान?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, मला माहीत आहे. चढू दे. तिसगावजवळच्या वस्तीवरून एसटीने जाऊन-येऊन मी कॉलेज केलंय, आता शाळेत शिकवते, आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. ती काही चोरीची नाही, की दबक्या आवाजात सांगावी.

"म्हणजे आम्ही पास?" मिस्टरांनी हसत विचारलं.

"पास कुनीच नसतं," घरमालक हात खाली घेत म्हणाले. "चालवून घेतो."

हे गृहस्थ इथल्या एका साखर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाले ते कारखान्यापुरते. गल्ली त्यांना सेफ्टीकाका म्हणायची. ठेंगणी मूर्ती, पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी शिट्टी आणि लाल खडू. देवघराशेजारच्या खुंटीवर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. तेही काकू रोज पुसायच्या, कारण देव पुसून झाले की फडकं हातात असायचंच.

घरात जागोजागी पाट्या होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर लाल रंगात ‘थांबा’. कठड्यावर ‘धरा’. मोरीच्या दारावर ‘ओले आहे’, मग ती वैशाखात कोरडी ठणठणीत का असेना. मिक्सरला दोऱ्याने पुठ्ठा बांधलेला: ‘मालकाशिवाय कोणी चालू करू नये’. काकू म्हणायच्या, "मालक कोन ते लिवलंय का? न्हाई ना? मग मी हाय." आणि घर्रकन चटणी वाटायच्या.

अंगणातल्या शेवग्याला ‘जमण्याची जागा’ अशी पाटी होती. शिट्टी वाजली की भाडेकरूंनी हातातलं काम टाकून शेवग्याखाली यायचं, असा करार होता. एकदा माझी आई तिसगावहून आलेली असताना दूध उतू गेल्याचा वास आला आणि शिट्टी वाजली. आई खाली यायला तयार होईना. "मी काय शाळंतली पोरगी हाय का, शिट्टी वाजली की पळायला?" शेवटी आली ती गच्चीवरचे पापड परातीत भरून घेऊन. काकांनी परातीकडे पाहिलं. "आजीबाई, आगीत मानूस जीव घिऊन पळतो."

"आन मग खायाचं काय?" आई म्हणाली.

काकांनी परातीतला एक पापड वाकवून बघितला. ते म्हणाले, "चालवून घेतो."

त्यांच्याकडे तीनच शेरे होते: ‘नापास’, ‘दुरुस्तीला’ आणि ‘चालवून घेतो’. गणपतीचा मांडव त्यांनी नापास केला होता, शेजारच्या लग्नातली लायटिंग नापास केली होती, आणि शाळेच्या मैदानातला झोका तर मुख्याध्यापकांच्या देखत नापास करून स्वतःच्या खर्चाने त्याच्या साखळ्या बदलल्या होत्या. ‘पास’ हा शब्द त्यांच्या तोंडून गल्लीत कुणीच ऐकला नव्हता.

डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट त्यांचं अर्धंच होतं. कुणाला दटावायचं असलं की ते अर्धं बोट वर करायचे. ते बोट गेलं कसं, याच्या कथा दोन. गल्लीतल्या पोरांना सांगताना ते उसातल्या बिबट्याने नेलेलं असायचं. मोठ्या माणसांना सांगताना कारखान्यातल्या ऊस ओढणाऱ्या साखळीत गेलेलं असायचं. काकू पहिल्या कथेला हसायच्या. "बिबट्या काय एवढंसं बोट खाऊन ढेकर दिऊन गेला व्हय?" साखळीच्या कथेवर मात्र त्यांचा विश्वास होता, कारण लग्न ठरताना त्यांना तीच सांगितलेली होती.

तर अशा माणसाच्या घरात माझी मुलगी ईश्वरी तिसरीत गेली, आणि फौजेत असलेला माझा भाऊ सुट्टीत आईला घेऊन आमच्याकडे आला.

ईश्वरीला लहानपणापासून वस्तू उघडायची खोड. टीव्हीचा रिमोट, सायकलची घंटी, माझ्या शाळेच्या डब्याची कडी. उघडायची, आत बघायची आणि बहुतेक वेळा परत लावायचीही. भाऊ हे ऐकून होता. त्याने पिशवीतून तिच्यासाठी काय काढावं? बाहुली नाही, फ्रॉक नाही. स्टीलचं घडीचं मल्टिटूल. मुठी उलगडल्या की पक्कड, आणि मुठींच्या पोटात दोन पेचकस, कानस, छोटी करवत, डबा उघडायची चोच आणि चाकू.

"फौजी अडकित्ता," माझी आई म्हणाली.

"तिला कशाला हे?" मी भावाला म्हणाले. "बोट कापून घेईल."

"ताई, तू हिच्याएवढी असताना खुरपं घिऊन शेतात हुतीस."

"तेव्हा माझ्या हातात पाटी द्यायला कोणी नव्हतं म्हणून खुरपं होतं!"

पण ईश्वरीने ते छातीशी धरलं होतं. तिच्या डोळ्यांत जे दिसत होतं, ते काढून घेणं माझ्याने होईना. भाऊ गेल्यावर मला युक्ती सुचली. काढून घ्यायचंच, पण माझ्या हाताने नाही. म्हटलं, "बाळा, या घरात नवीन वस्तू आली की आधी आजोबांकडे तपासायला द्यावी लागते. ते पास म्हणाले तर तुझं." झोक्याला नापास करणारा माणूस चाकूला काय म्हणेल हे सांगायला केमिस्ट्री लागत नव्हती.

काकांनी ओट्यावर पांढरं फडकं अंथरलं, हेल्मेट चढवलं, चष्मा लावला. एकेक अवजार उघडून, हलवून, परत मिटून बघितलं. ईश्वरी समोर मांडी घालून, श्वास धरून. चाकू उघडल्यावर त्यांनी पात्याच्या पाठीला लाकडाचा तुकडा टेकवून दाबला. पातं लगेच मिटलं.

"बघितलं का बाई? धार वाईट न्हाई ह्याची. सांधा वाईट हाय. टोक दाबलं की पातं उलटं बोटावर येतं."

"म्हणजे नापास," मी घाईने म्हणाले.

"दुरुस्तीला," काका म्हणाले, आणि मल्टिटूल फडक्यात गुंडाळून आत गेले.

आठवडाभर मागच्या पत्र्याच्या खोलीतून कानस घासल्याचे आवाज येत होते. ईश्वरी शाळेतून आली की दप्तरासकट त्या दाराशी. अखेर मल्टिटूल परत आलं. चाकूच्या बुडाशी मुठीसकट आरपार भोक पाडून त्यात रिपीट, दोन्हीकडून ठेचलेला खिळा, ठोकलेली, म्हणजे चाकू कायमचा मिटलेला. करवतीचं आणि कानशीचंही तेच. पक्कडीचं नाक घासून गोल केलेलं, मुठींवर सायकलच्या ट्यूबचं रबर. उरली होती ती डबा उघडायची चोच आणि पेचकस.

मी मनातल्या मनात काकांना नमस्कार केला. ईश्वरीने ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि काकांच्या हातात परत दिलं.

"आजोबा, हे खेळणं झालं."

"अगं, शंभर टक्के सेफ हाय ते!"

"व्हय. पण काही करता येत न्हाई याला."

काकांना ते फार लागलं. कामगारांच्या मोर्चासमोर न डगमगलेला माणूस दोन दिवस रंगाचा ब्रश घेऊन जिन्यावर बसला. जिन्यावरच्या ‘थांबा’ला तिसरा हात दिला, बास. काकू मला म्हणाल्या, "पोरीनं नापास केलं की वो ह्यांना. जेवन बी जाईना."

त्यानंतरची ती दुपार. मी शाळेतून आले, जिना चढायला पाय उचलला, आणि मला मागच्या पाण्याच्या टाकीआड ईश्वरीचा फ्रॉक दिसला. ती काकूंची विळी घेऊन बसली होती. शेजारी ज्वारीच्या धाटांचा भारा. धाटांची बैलगाडी करायचं तिच्या डोक्यात होतं. त्यासाठीच तर तिला चाकू हवा होता. विळी तिने पायाखाली नीट दाबलीही नव्हती. एका हाताने फळी धरली होती आणि दुसऱ्या हाताने धाट पात्यावर ओढत होती. विळी डुगडुगत होती. आणि हे सगळं घाईघाईत, मान वळवून वळवून, कुणी येतंय का बघत.

मी ओरडणारच होते. तेवढ्यात टाकीच्या पलीकडून काका आले. त्यांनी मला पाहिलं आणि अर्धं बोट वर केलं. मी त्या लाल ‘थांबा’वर खरोखर थांबले. इतकी वर्षं ती पाटी ओलांडून गेले असेन, पाळली त्याच दिवशी.

काका ओरडले नाहीत. शिट्टीलाही हात लावला नाही. हळूच तिच्या समोर खाली बसले, जसं काही ठरलेलंच होतं. "पाय ठेव फळीवर. आसा. पुरा पाऊल. आता दोन्ही हातानं धाट धर. आन मागं बघू नको, मागं कुनी न्हाई. सावकाश."

ईश्वरीने धाट कापलं. टच्‌ असा आवाज आला. दुसरं कापलं. तिसरं. मग काकांनी विळी आडवी केली आणि बाजूला सारली. त्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आता सांग. चोरून का बसलीस?"

"आई नको म्हणती. तुम्ही पण चाकू बंद केला." तिने अर्धवट कापलेलं धाट पुढे धरलं. "मग मी काय करू?"

काकांनी डावा हात शर्टाला पुसला. मग त्यांनी ते अर्धं बोट तिच्यापुढे धरलं.

"हे बिबट्यानं न्हाई नेलं. मी तुज्याएवढा हुतो. बापानं विळा लपवला कडब्याच्या गंजीत, पोरानं हात लावू नये म्हनून. मला पावा करायचा हुता. बाप बाजाराला गेला की मी गंजीत हात घालून घालून तो हुडकला. गोठ्यामागं, अंधारात बसलो. आन बाप आला का, बाप आला का, आसं बघत घाव घातला."

काकू मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. "म्हंजे साखळी बी न्हाई?" त्या ओरडल्या. "माज्या बापाला सांगितलं हुतं, डूटीवर गेलं म्हनून!"

"तवा नोकरीत रुबाब दाखवायचा हुता," काका मान खाली घालून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, विळ्यानं न्हाई कापलं. लपवल्यामुळं कापलं. लपवलेली वस्तू मानूस घाईत धरतो. आन मी शाना, सगळा जलम लोकाला शिकवून तुमच्या पोरीच्या वस्तूला रिपीट मारून बसलो. बापानं केलं तेच केलं की मी."

त्या संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत पुन्हा आवाज सुरू झाले, आणि या वेळी दार उघडं होतं. ईश्वरी आत होती. जुनाच चष्मा दोऱ्याने बांधून तिच्याही डोळ्यांवर चढवला होता.

चाकूची रिपीट काढली. तिचं भोक राहिलं. त्या भोकातच काकांनी सगळी करामत केली. प्रवासी बॅगेचं असतं ना, इवलंसं पितळी कुलूप, तसलं एक आणलं. चाकू मिटलेला असताना कुलपाची कडी त्या भोकातून गेली की चाकू उघडतच नाही. आणि चाकू पूर्ण उघडून तीच कडी पुन्हा मुठीच्या त्याच भोकात घातली की ती पात्याच्या बुडाला अडून बसते. मग कितीही दाबा, पातं बोटावर येत नाही. म्हणजे बंद असताना कुलूप, आणि उघडा असतानाही कुलूप.

"उघडायला दोन हात लागत्यात, मिटायला दोन हात लागत्यात," काकांनी मला दाखवलं. "दोन्ही हात कामाला लागले की पात्यापुढं घालायला बोट उरत न्हाई. आन काम चालू आसंल तवर कुलूप लोंबकळतं. ऐका."

त्यांनी हलवलं. कुलूप मुठीवर वाजलं, वासराच्या गळ्यातल्या घंटीसारखं. "घरात कुठं बी चाकू उघडला तर सगळ्यांस्नी ऐकू येतंय. आता हे चोरून करायची वस्तूच राहिली न्हाई."

मला कबूल करावं लागलं की काम चोख होतं. मी हात पुढे केला. "द्या चावी. माझ्या पर्समध्ये राहील. तिला लागेल तेव्हा मी उघडून देईन."

काकांनी चावी मुठीत धरली.

"चावी तिची."

"काका, आठ वर्षांची आहे ती!"

"म्हनूनच कुलूप ल्हान आनलंय. बाई, कारखान्यात मिल साफ करायला मानूस आत उतरतो, तवा स्विचला कुलूप लावत्यात. चावी कुनाच्या खिशात आसती, सांगा. मॅनेजरच्या? न्हाई. जो आत उतरला त्याच्याच खिशात. का? मॅनेजर जेवायला जातो. आन मागून दुसरा यिऊन स्विच दाबतो. ज्याचा हात आत, चावी त्याच्या खिशात. ह्यो नियम मी चेअरमनला बी मोडू दिला न्हाई."

"मी मॅनेजर नाही. आई आहे तिची."

"व्हय. म्हनून तर ती तुमच्यापासून लपली. माज्यापासून बी लपली. चावी तुमच्या पर्सात ठिवली तर उद्या पर्सात हात घालंल, आन विळी हायेच."

माझी पदवी अशा वेळी काही कामाला येत नाही. मी ईश्वरीकडे पाहिलं. ती चावीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"नियम काय?" मी विचारलं.

"बसून वापरायचं," ती धडाधड म्हणाली. "उघडं घेऊन चालायचं न्हाई. दुसऱ्याला द्यायचं असंल तर मिटून, कुलूप लावून. कापताना मागं बघायचं न्हाई. आन चोरून न्हाई."

"कापायचं कुणीकडे?"

"आपल्यापासून लांब."

मी "बरं" म्हणाले. मग कितीतरी दिवस मी पोळ्या लाटता लाटता कान टवकारून असायचे. कुलूप वाजायला लागलं की लाटणं थांबायचं, वाजायचं थांबलं की लाटणं सुरू. काकू खालून ओरडायच्या, "बाई, लाटा वो, पोरगी धाटंच कापती, झाड न्हाई!" हळूहळू तो आवाज घरातल्या घड्याळासारखा झाला. बैलगाडी झाली. चाकं फिरणारी झाली. मग शाळेतल्या बाकाचे ढिले खिळे, काकूंच्या कुकरचा दांडा, माझ्या चपलेचा पट्टा. एकदा बोटाला खरचटलंही. ती स्वतः काकांकडे गेली, "आजोबा, अपघात झाला," आणि दोघांनी शेवग्याखाली बसून त्याची रीतसर चौकशी केली. दोष धाटाचा निघाला. ते ओलं होतं.

आता आम्ही पारनेरला राहतो, मिस्टरांच्या सुप्याच्या कंपनीला ते जवळ पडतं. काकांचा अजून फोन येतो. माझी ख्यालीखुशाली नंतर, सिलेंडरच्या नळीची तारीख आधी. ईश्वरी कॉलेजला आहे, आणि घरातली दुसरी पदवी ती माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगणार हे मला दिसतंय. पण काका म्हटलं की मला आठवते ती त्या वर्षीची खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची, त्या दिवशी ती वापरायची नाहीत. काकांनी पाट मांडला होता. नट आवळायचे पाने, हातोडी, काकूंची विळी, आणि मधोमध पिवळं हेल्मेट. त्यावर पाटी: ‘आज काम बंद’. मी माझा लाल पेन ठेवला. काकू म्हणाल्या, "बाईंचं हत्यार. पोरांचं रगत काढनारं."

ईश्वरी आली. मल्टिटूल तिने राखेने घासून लखलखीत केलं होतं. मिटलेलं, कुलूप लावलेलं. ते तिने हेल्मेटशेजारी ठेवलं, आणि मोठ्या माणसासारखं हळदीकुंकू वाहिलं. मग फ्रॉकच्या खिशातून दोन चाव्या काढल्या. एका कडीत अडकवलेल्या.

"दोन?" मी काकांकडे पाहिलं. "तुम्ही एकच म्हणाला होतात."

"मी म्हनालो चावी तिची. किती ते न्हाई म्हनालो. कुलपाबरुबर दोन येत्यात."

ईश्वरीने त्यातली एक सोडवली, आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुला, आई. पण तू जेवायला जाताना मला परत देऊन जायची."

मी मूठ मिटली. चावी तिच्या खिशातली होती, कोमट. काकांनी हेल्मेट सरळ केलं, जे सरळच होतं. खिशातला लाल खडू काढला, परत ठेवला. मग अर्धं बोट वर करून, घसा साफ करून म्हणाले, "पास."

काकूंच्या हातातलं निरांजन हललं. "काय म्हनाला?"

"पास म्हनालो."

"अवं, इतकी वर्सं तुमाला रांधून घालती. माज्या सैपाकाला कवा म्हनाला हुता पास?"

"त्यो," काका पाटाला नमस्कार करत म्हणाले, "चालवून घेतो."